सायनसचं दुसरं ऑपरेशन: टेबलावर जाण्याआधी आणि नंतर काय काय करावं

माझं पहिलं ऑपरेशन फेब्रुवारी 2019 मध्ये झालं. तिसऱ्या आठवड्यात सुदामा नगरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवरून जीरावनचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, वास आला आणि मी भर रस्त्यात रडले. 2021 च्या उन्हाळ्यात तो वास पुन्हा गेला. तेव्हा इंदूरमध्ये कुणाचाही वास गेला की निदान एकच व्हायचं, कोविड. माझ्या दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या, तरी घरच्यांनी मला आठ दिवस मागच्या खोलीत ठेवलं. खरं कारण होतं पॉलिप, म्हणजे आपण ज्याला ‘नाकात मांस वाढलं’ म्हणतो ते. जानेवारी 2023 मध्ये दुसरं ऑपरेशन झालं.

मधल्या दीड वर्षात मी चुकीच्या क्रमाने बरंच काही केलं. हा लेख योग्य क्रमाने लिहिलाय. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीची धावपळ कशी करायची ते मी सांगते.

1. आधी खात्री करा की हे सायनसच आहे

डॉक्टर जुनाट सायनस म्हणतात तो निदान 12 आठवडे टिकलेला असतो. चार गोष्टी पाहतात: नाक चोंदणं, पुढून किंवा घशात घट्ट शेंबूड उतरणं, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं, वास जाणं. यातल्या किमान दोन हव्यात, आणि त्यात चोंदणं किंवा शेंबूड यातलं एक हवंच. शिवाय दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये आत काहीतरी दिसायला हवं.

नुसतं डोकं दुखतंय, नाक मोकळं आहे आणि स्कॅन स्वच्छ आहे, तर ते बहुधा मायग्रेन असतं. माझी नणंद दहा वर्षं ‘सायनसचं डोकं’ घेऊन फिरत होती. ते मायग्रेन निघालं.

दुसरी शंका थेंबांची. नाक उघडणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांच्या वर चालू राहिले, तर थेंबांमुळेच नाक बंद होऊ लागतं. मेडिकलवाला देतो म्हणून घेत राहू नका. मी चार महिने घेत होते. रात्री उशीजवळ बाटली नसली की झोप लागायची नाही.

आणि पॉलिप परत दिसला म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. आधी स्टिरॉइडचा स्प्रे, नाक धुणं, गरज पडली तर गोळ्यांचा छोटा कोर्स, हे नीट आणि नियमित करून बघायचं असतं. ‘नीट’ म्हणजे काय, ते पायरी 8 मध्ये.

2. पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधा

पुढचं सगळं या पायरीवर उभं आहे आणि हीच सगळेजण टाळतात. हे कागद लागतील:

- डिस्चार्ज समरी
- ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने आत नेमकं काय उघडलं, काय काढलं याचं टिपण. डिस्चार्ज समरीत हे एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून वेगळं मागा
- बायोप्सीचा रिपोर्ट
- ऑपरेशनच्या आधीचा सीटी, जमलं तर सीडीसकट
- तेव्हापासून आजपर्यंत घेतलेल्या अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडच्या कोर्सची यादी, तारखांसह

यादी आठवून लिहावी लागते. मी जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून केली, तेव्हा कळलं की दोन वर्षांत स्टिरॉइडच्या गोळ्यांचे पाच कोर्स झाले होते, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. पाच हा आकडा कागदावर पाहिल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा हा विषय गंभीरपणे घेतला.

आता सापळा. भरती झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचं असतं आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं असतं, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. मी मागायला गेले तेव्हा साडेतीन वर्षं उलटली होती. ‘मॅडम, पुराना रिकॉर्ड तो गया’, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून पहिलं ऑपरेशन कालच झालेलं असलं तरी कागद आजच मागून ठेवा.

मला वाचवलं पॅथॉलॉजी लॅबने. बायोप्सीचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो. तोवर आपण घरी वरण-भात खात पडलेलो असतो, आणि तो आणायला कुणी जात नाही. माझाही तसाच राहिला होता. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये तो अजून होता. त्यात इओसिनोफिल नावाच्या, अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पेशींची गर्दी आणि बुरशीचे धागे असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. पहिलं ऑपरेशन का टिकलं नाही, याचं अर्धं उत्तर साडेतीन वर्षं एका लॅबमध्ये पडून होतं.

3. पहिलं का टिकलं नाही, ते विचारा

पॉलिप असलेल्यांपैकी ढोबळमानाने पाचातल्या एकाला पुन्हा ऑपरेशन लागतं, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. तेव्हा आपलंच नशीब फुटकं असं समजू नका. पण ‘परत वाढलं, परत काढू’ एवढंच उत्तर मिळालं तर मात्र उठून या. कारणं साधारण दोन जातीची असतात.

पहिली जात आतल्या रचनेची. काही कप्पे (चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या, यांनाच सायनस म्हणतात) उघडायचेच राहिलेले असतात. किंवा उघडलेली वाट जखम भरताना चिकटून बंद होते. किंवा मधला टर्बिनेट, नाकातला एक हाडाचा पडदा, बाहेरच्या बाजूला सरकून वाट अडवतो. एक प्रकार तर ऐकायला गमतीचा आहे. गालाच्या सायनसला निसर्गाने दिलेलं तोंड एकीकडे आणि सर्जनने केलेलं भोक दुसरीकडे, दोन्ही जोडलेली नाहीत. आतले सूक्ष्म केस शेंबूड सवयीने मूळ तोंडाकडेच ढकलतात. तो तिथून बाहेर पडतो, नव्या भोकातून परत आत जातो आणि गोल गोल फिरत राहतो.

दुसरी जात शरीराच्या स्वभावाची: दमा, अ‍ॅलर्जी, बुरशीची अ‍ॅलर्जी, धूम्रपान. काहींना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गच्च होतं आणि धाप लागते. दमा, पॉलिप आणि हे तिसरं लक्षण एकत्र असेल तर पॉलिप परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आणि त्रास एकाच बाजूला असेल, घाण वास येत असेल, तर दातांचा एक्स-रे करून घ्या. वरच्या दाढेच्या मुळाशी पू असेल तर नाकाची कितीही ऑपरेशनं करा, उपयोग नाही.

माझ्या बाबतीत दोन्ही जाती होत्या. नव्या सर्जननी स्कॅनवर पेन ठेवून दाखवलं, ‘ताई, दिवाळीची साफसफाई झालीये, पण माळ्यावर कुणी चढलंच नाही.’ कपाळाच्या सायनसकडे जाणारी उजवी वाट बंदच होती. आणि त्यात बुरशी.

‘फंगल’ शब्द ऐकताच सासूबाईंचा चेहरा उतरला. मे 2021 मध्ये इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलचे वॉर्ड म्यूकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांनी भरलेले आम्ही सगळ्यांनी बातम्यांत पाहिले होते, ओळखीतले दोघे गेलेही होते. म्हणून हा फरक लिहितेच. म्यूकर हाडा-मांसात घुसतो, डोळ्याकडे आणि मेंदूकडे जातो, तिथे तास मोजावे लागतात. अ‍ॅलर्जिक फंगल सायनसमध्ये बुरशी पेशींत घुसत नाही. ती घट्ट चिकट चिखलासारख्या शेंबडात बसते आणि शरीर तिच्यावर अ‍ॅलर्जीने चवताळतं. तो चिखल पूर्ण काढणं आणि नंतर स्टिरॉइडने ती अ‍ॅलर्जी आवरणं, हा त्यावरचा मुख्य उपाय. थोडाही चिखल मागे राहिला तर खेळ पुन्हा सुरू.

4. सीटी स्कॅन एकदाच, पण नीट

साध्या एक्स-रेवर दुसरं ऑपरेशन ठरवता येत नाही. सायनसचा सीटी लागतो, बारीक कापांचा, साधारण 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी, आणि तिन्ही दिशांनी. तो भर सर्दीत करू नका. औषधांचा कोर्स संपल्यावर करा, म्हणजे कायमचं काय आणि तात्पुरतं काय ते कळतं.

आपल्याकडे मोठ्या पिशवीतली फिल्म मिळाली की काम झालं असं वाटतं. काउंटरवरच सीडी मागा. नॅव्हिगेशन (ऑपरेशन चालू असताना अवजार आत कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारं मशीन) वापरायचं ठरलं तर मशीनला फिल्म नाही, सीडीतला डेटा लागतो. तो चुकीच्या पद्धतीने काढलेला असेल तर स्कॅन पुन्हा करावा लागतो, म्हणून जाण्याआधी सर्जनकडून ‘नॅव्हिगेशन प्रोटोकॉल’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. सोबत रक्तातले इओसिनोफिल, एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन) आणि दमा असेल तर फुंकायची टेस्ट, एवढं बहुधा सांगतात.

5. सर्जनला विचारायचे प्रश्न

इंदूरमध्ये नाक-कान-घशाचे डॉक्टर भरपूर आहेत, पण दुसऱ्या खेपेचं काम वेगळं असतं. डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ आहे, वर मेंदूचा तळ आहे. पहिल्या ऑपरेशनने ओळखीच्या खुणा पुसलेल्या असतात. मोठी गुंतागुंत क्वचितच होते, पण होते तेव्हा ती डोळ्याची किंवा मेंदूभोवतीच्या पाण्याच्या गळतीची असते. म्हणून संकोच न करता विचारा:

- तुम्ही दुसऱ्यांदाची ऑपरेशनं नियमित करता का?
- माझ्या स्कॅनमध्ये नेमकं काय राहिलंय, मला दाखवाल का?
- नॅव्हिगेशन लागेल का, आणि का?
- ऑपरेशन झाल्यावर नाकाची सफाई कोण करणार, तुम्ही की ज्युनिअर? किती वेळा?
- परत आलं तर पुढची योजना काय?

शेवटच्या प्रश्नावर जो चिडला, त्याच्याकडे मी गेले नाही. नॅव्हिगेशन हा नकाशा आहे, ड्रायव्हर नाही. नुसतं मशीन आहे म्हणून हॉस्पिटल निवडू नका.

खर्च झेपत नसेल तर एमवाय आहेच. ते मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण अवघड केसेस पाहण्याचा सराव अशाच ठिकाणी असतो.

6. विमा: कागद बोलतो, आपण नाही

बहुतेक पॉलिसींत नाक-कान-घशाच्या साध्या आजारांना पहिले 24 महिने कव्हर नसतं. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे. दुसऱ्या ऑपरेशनला कंपनी पहिल्याची तारीख विचारणारच. पॉलिसी घेताना ते लिहिलं नसेल, तर क्लेम तिथेच अडकतो. एजंट ‘छोड़ो ना, लिखने की जरूरत नहीं’ म्हणेल. लिहा.

भरतीच्या वेळी केस पेपरवर ज्युनिअर डॉक्टर काय लिहितात ते वाचा. मी बोलण्याच्या भरात म्हणाले, ‘लहानपणापासून सर्दी आहेच.’ त्यांनी लिहिलं, आजार 30 वर्षांपासून. पॉलिपचं निदान 2018 चं होतं. ती ओळ दुरुस्त करून घेण्यात, खरे कागद दाखवूनही, अख्खी दुपार गेली.

कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकाचा नियम आहे. लक्षात असू द्या, काउंटरवर उपयोगी पडतो. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. मायक्रोडिब्रायडरचं (पॉलिप कापून ओढून घेणाऱ्या अवजाराचं) ब्लेड, नॅव्हिगेशन आणि नाकात भरायचं विरघळणारं पॅक यांचे आकडे त्यात वेगळे दिसले पाहिजेत, कारण पुढे फुगतात तेच. घरात 70 किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी रुग्ण असेल, तर उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड निघतं. हॉस्पिटल त्या यादीत आहे का, ते आधी विचारा.

7. आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे

रक्त पातळ करणाऱ्या गोष्टी सांगा: अ‍ॅस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, फिश ऑईल, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, काढे. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पॉलिप असेल तर आधी काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. मधुमेह्यांनी त्या दिवसांत साखर रोज मोजावी. दम्याचा पंप हॉस्पिटलच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

ऑपरेशन पूर्ण भुलीत होतं. माझं अडीच तास चाललं. दुखणं मी घाबरले होते त्याच्या निम्मंही नव्हतं. पण तोंडाने श्वास घेत काढलेली रात्र फार लांब असते. ओठांना लावायला तूप आणि दोन जादा उशा घेऊन जा. पॅक विरघळणारं आहे की ओढून काढायचं, हे आधी विचारून ठेवा, म्हणजे मनाची तयारी होते.

घरी आल्यावर डोकं उंच ठेवून झोपा. नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. वाकून फरशी पुसणं, सिलिंडर उचलणं, पोट साफ होताना कुंथणं, सगळं दोन आठवडे बंद. ओव्याची पुरचुंडी आणि गरम वाफारा घेऊन प्रेमाने येणाऱ्यांना दारातच थांबवा, ताज्या जखमेवर गरम वाफेने रक्त येऊ शकतं.

रक्तमिश्रित पाणी थोडं गळणं अपेक्षित आहे. पण पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्यासारखं, खारट थेंब गळू लागले, नजर धूसर झाली, दोन-दोन दिसू लागलं, डोळा सुजला, मान आखडून ताप आला किंवा रक्त थांबेना, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट पाहू नका.

8. नाक धुणं

ऑपरेशनने आजार जात नाही. औषध आत पोहोचावं म्हणून दार उघडलं जातं, एवढंच. पहिल्या खेपेला हे मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी भुलीत होते. दोन महिने स्प्रे मारला, बरं वाटलं, सोडला.

माझी रोजची पद्धत:

- तीन चमचे आयोडीन नसलेलं मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, कोरड्या डबीत मिसळून ठेवायचा. बेकिंग पावडर नव्हे
- त्यातला एक चमचा 240 मिलिलीटर पाण्यात. चमचा चहाचा
- पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळलेलं आणि मग कोमट केलेलं. जळजळ झाली तर मिश्रण थोडं कमी
- सिंकवर वाकून, तोंड उघडं ठेवून, अर्धी बाटली एका बाजूने, अर्धी दुसऱ्या बाजूने
- बाटली रोज धुऊन पालथी वाळवायची आणि दर काही महिन्यांनी नवी घ्यायची

सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपली जलनेती!’ आहेच. फरक पाण्याचा. नर्मदेचं पाणी नळाला येतं आणि आपण ते भक्तीने पितो, पण नाकात थेट घालू नका. नळाच्या पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून मेंदूकडे गेला तर जीवघेणा ठरतो. आरओचं पाणीही उकळूनच.

मला सर्जननी याच पाण्यात बुडेसोनाइडची रेस्प्यूल घालायला सांगितली. दम्याच्या नेब्युलायझरची तीच छोटी प्लास्टिकची कुपी. दवा बाजारात सहज मिळते, पण मनाने सुरू करू नका. कधी सुरू करायचं, किती आणि डोकं कसं धरायचं ते सर्जनच दाखवतील. धुणं झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. एकदा वर्गात फळ्याकडे वाकले आणि नाकातून धार लागली. सहावी ब अजून विसरलेली नाही.

9. परत जाणं आणि लक्ष ठेवणं

पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि मग काही वेळा सर्जन दुर्बिणीने आतल्या खपल्या काढतात. त्रासदायक असतं, डोळ्यांत पाणी येतं, म्हणून लोक चुकवतात. पुन्हा चिकटून वाट बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. पहिल्या वेळी मी एकदाच गेले होते. दुसऱ्या वेळी चार वेळा गेले, रजा टाकून.

तारीख ठरवताना कॅलेंडर पाहा. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर गुलालाचे ढग उडतात, ते भरत्या जखमेला चालत नाहीत. त्या वर्षी मी गेर टीव्हीवर पाहिली. दिवाळीचा धूर आणि गहू काढल्यावर शेतात नरवाई, म्हणजे उरलेले खुंट, जाळतात ते दिवस, हेही टाळलेले बरे.

इतकं करूनही पॉलिप परत आले तर आता इंजेक्शनं आहेत: डुपिलुमॅब, ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब. सगळ्यांना लागू पडत नाहीत, महाग आहेत आणि चालू ठेवावी लागतात. पण तिसऱ्या ऑपरेशनची चर्चा निघाली तर त्याआधी यांच्याबद्दल विचारा.

वास गेलेला असताना आमच्याकडे दोनदा गॅस उघडा राहिला आणि मला पत्ता नव्हता. तेव्हापासून स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म आहे. आणि दर महिन्याच्या 1 तारखेला मुलगी माझे डोळे बांधून चार डब्या नाकाशी धरते: हिंग, कॉफी, वेलदोडा, जीरावन. ओळखले की कॅलेंडरवर चारपैकी किती ते लिहिते. सलग दोन महिने आकडा खाली आला की फोन करून दुर्बिणीची वेळ घ्यायची, त्रास होतोय की नाही ते न पाहता. मागच्या ऑगस्टमध्ये दोनच ओळखले, सप्टेंबरमध्येही दोनच. गेले. बारीकसा पॉलिप होता, रेस्प्यूल वाढवली, सहा आठवड्यांत बसला.